प्रा. हारून खान शेरवानी

मुलाने बी.ए.ला इतिहास व राज्यशास्त्र घेतले म्हटले की आपल्या घरांत चेहरे उतरतात. म्हणून हे चरित्र सांगतो.

शेरवानीसाहेबांचा जन्म १८९१ साली अलीगढ जिल्ह्यातला. ऑक्सफर्डला शिकून ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इतिहास व राज्यशास्त्र या विभागाचे ते प्रमुख झाले. इंग्रजीतून शिकलेले हे विषय त्यांना उर्दूतून शिकवावे लागत. हे काम सोपे नव्हे, हे आम्हा शिक्षकांना विचारा.

१९४२ साली त्यांनी बहामनी वजीर महमूद गवानचे चरित्र लिहिले. बीदरचा मदरसा बांधणारा हा विद्वान १४८१ साली एका बनावट पत्रामुळे ठार मारला गेला. एवढे कोणीही पाठ करील. पण पत्रामागे दख्खनी व आफाकी (बाहेरून आलेल्या) सरदारांची सत्तेसाठीची ओढाताण होती. ती समजायला राज्यशास्त्र लागते. दख्खनी गटाचा म्होरक्या होता मलिक हसन. त्याचे घराणे मूळचे पाथरीचे, असे जुन्या तवारिखांत आहे. होय, आपलीच पाथरी! त्याच्याच मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापली.

१९६९ साली शेरवानीसाहेबांना पद्मभूषण मिळाले. कुतुबशाहीवरील त्यांचा ग्रंथ १९७४ साली निघाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९८० साली ते वारले.