निकोला टेस्ला : घरोघरी वीज पोहोचवणारा शास्त्रज्ञ

गावातली डीपी जळाली की काय होतं? मोटार बंद, गिरणी बंद, घरात अंधार! ही डीपी म्हणजे रोहित्र. ते फक्त प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ए.सी.वर चालतं. हा प्रवाह जगभर पोहोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या निकोला टेस्ला यांची आज ओळख करून घेऊ या.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. वडील धर्मगुरू होते. आई शिकलेली नव्हती, पण घरकामाची अवजारं स्वतः बनवायची. टेस्ला ग्राझला शिकायला गेले, पण पदवी पूर्ण झाली नाही. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना त्यांना ए.सी. मोटारीची कल्पना सुचली.

१८८४ मध्ये ते अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीत लागले. एडिसन यांची वीज दिष्ट प्रवाहाची, म्हणजे डी.सी. होती. ती दीड-दोन किलोमीटरपलीकडे नेणं परवडत नसे. ए.सी.चा दाब रोहित्राने वाढवता येतो. दाब वाढला की तेवढ्याच विजेसाठी तारेतून कमी प्रवाह जातो, तार कमी तापते आणि वीज कमी वाया जाते. घराजवळ दाब पुन्हा कमी करायचा.

काही महिन्यांतच टेस्लांनी ती नोकरी सोडली. पुढे तर पोटासाठी खड्डे खोदायचीही वेळ आली. पण ते खचले नाहीत. १८८८ मध्ये वेस्टिंगहाउस यांनी त्यांची पेटंटं घेतली आणि वाद पेटला. ए.सी. किती घातक आहे हे दाखवायला एडिसन यांच्या बाजूच्या लोकांनी कुत्र्यांना, वासरांना विजेचे झटके देऊन मारलं. एवढे मोठे संशोधक, पण आपलंच खरं म्हणत बसले! १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन ए.सी.वर उजळलं. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज सुमारे ४० किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोहोचली.

वेस्टिंगहाउस कंपनी अडचणीत आली तेव्हा टेस्लांनी आपली रॉयल्टी सोडून दिली. शेवटी ते कर्जात, हॉटेलच्या खोलीत एकटेच राहत होते. ७ जानेवारी १९४३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

मग डी.सी. हरला का? नाही. मुंबईची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डी.सी.वर धावत होती. ती पूर्णपणे ए.सी.वर यायला २०१६ साल उजाडलं. आपल्या जालन्यावरून मुंबईला जाणारी वंदे भारत २५,००० व्होल्ट ए.सी.वर धावते. पण मोबाइलची बॅटरी आणि सोलर पॅनेल आजही डी.सी.च! दोन्ही आपापल्या जागी कामाचे आहेत.

उपक्रम : घरातला चार्जर प्लगमधून काढून त्यावरचा मजकूर मोठ्यांसोबत वाचा. आत कोणता प्रवाह जातो आणि बाहेर कोणता येतो, ते वहीत लिहून आणा. डीपीजवळ मात्र कुणीही जायचं नाही!