मायकेलअँजेलोचं मोडलेलं नाक

मायकेलअँजेलोचा जन्म १४७५चा. पोरवयात तो फ्लॉरेन्सच्या कार्मिने चर्चमध्ये मसाच्चोची भित्तिचित्रं पाहून चित्रकला शिकत होता. सोबत्यांची खिल्ली उडवायची त्याला खोड होती. एकदा पिएत्रो तोरिजानोचं डोकं फिरलं आणि त्याने ठोसा लगावला. नाकाचं हाड मोडलं, ते कायमचं बसकं झालं. तोरिजानोला गाव सोडावं लागलं.

सरकलेलं हाड सूज चढण्याआधी, नाहीतर सूज ओसरल्यावर पाच ते दहा दिवसांत बसवता येतं. मोठ्या माणसांत दोन आठवडे उलटले की ते वाकडंच जुळतं. मग पुन्हा कापावं लागतं. बसवल्यावर आठवडाभर नाकावर आधारपट्टी, शिंकरायचं नाही, चष्म्याचा भार नको, धसमुसळे खेळ सहा आठवडे बंद. मार लागल्यावर नाक आतून फुगून चोंदलं तर मधल्या पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं. तेव्हा सूज उतरायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. थांबलात तर पडदा सडतो, नाक खचतं.

मायकेलअँजेलोने पुढे ‘डेव्हिड’ घडवला, सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवलं. १५६४मध्ये, ८८व्या वर्षी तो गेला. दानिएले दा व्होल्तेराने केलेल्या त्याच्या ब्राँझच्या शिल्पात ते चपटं नाक आजही दिसतं.