विश्लेषण: शाळेतले इंग्रजी व्याकरण कुणी घडवले? लिंडले मरे कोण होते?

चुकीचे वाक्य दुरुस्त करा, अधोरेखित शब्दाची जात ओळखा, नियम पाठ करून या. प्राथमिक शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला मुलांना मिळणारी ही कामे घरोघर पोहोचवण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. गंमत म्हणजे तो ना शिक्षक होता, ना भाषापंडित. तो होता निवृत्त वकील.

वकील व्याकरणाकडे कसा वळला?

लिंडले मरे यांचा जन्म १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट मरे न्यू यॉर्कचे बडे व्यापारी. मॅनहॅटनमधील ‘मरे हिल’ हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लिंडले यांनी वकिली केली, व्यापारात पैसा मिळवला, पण पायांतली ताकद कमी होत गेली. हवापालटासाठी १७८४ मध्ये ते पत्नी हॅना यांच्यासह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळच्या होलगेट गावात राहिले. हळूहळू चालणेही सुटले.

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तिथल्या शिक्षिकांना मरे घरीच भाषा शिकवत. मुलींना कळेल असे पुस्तक लिहून द्या, अशी गळ त्यांनीच घातली आणि १७९५ मध्ये ‘इंग्लिश ग्रामर’ छापून झाले. एका शाळेसाठी केलेल्या या पुस्तकाच्या पुढे लाखो प्रती खपल्या. लहान मुलांसाठी १७९७ मध्ये संक्षिप्त आवृत्ती आली, सरावाचे पुस्तकही आले. लेखनातून मिळालेला पैसा मरे यांनी दानधर्माला दिला.

पुस्तकात वेगळे काय होते?

नियम फारसे नवे नव्हते. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणातून मरे यांनी बरेच घेतले आणि त्यावरून उचलेगिरीचा आरोपही झाला. मुलांपुढे मुद्दाम चुकीची वाक्ये ठेवण्याची युक्तीसुद्धा अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने आधीच वापरली होती. मरे यांचे कौशल्य मांडणीत होते. पाठ करायचे नियम मोठ्या टाइपात, समजून घ्यायचे स्पष्टीकरण बारीक टाइपात. कोणत्या वयाच्या मुलाने किती वाचायचे, हे पान पाहूनच कळे. सरावातल्या चुकांची उत्तरे वेगळ्या पुस्तकात होती. आजच्या गाइडचे हे पूर्वजच म्हणायचे!

त्यांचे नाव इतके घरगुती झाले, की चार्ल्स डिकन्स यांच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन भरवणारी बाई विदूषकाच्या पुतळ्याला थोडे बदलून चक्क व्याकरणकार मरे बनवते. त्यांचे ‘इंग्लिश रीडर’ हे वाचनपुस्तक अब्राहम लिंकन यांना फार आवडे, असे सांगितले जाते.

मग अडचण कुठे झाली?

यॉर्कच्या मुली इंग्रजी बोलतच मोठ्या झाल्या होत्या. त्यांच्यासाठी व्याकरण म्हणजे येणाऱ्या भाषेवर शेवटचा हात फिरवणे. हीच पद्धत इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांपर्यंत गेली तेव्हा क्रम उलटला: भाषा कानावर पडण्याआधी नियम तोंडपाठ! त्याचा दोष मरे यांना देणे अन्यायाचे ठरेल. पुस्तक कुणासाठी आहे, हे त्यांना पक्के माहीत होते.

मरे १८२६ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या ज्या आठ जाती मराठी शाळेत आजही घोकल्या जातात, ती विभागणी त्याच परंपरेतली. मरे यांच्या यादीत मात्र जाती नऊ होत्या. जास्तीची जात ‘ए’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ यांची. आणि मराठीत ही उपपदे मुळात नाहीतच.