तिकीटबारीवर हिराबाई

कॉन्सर्टचं तिकीट बुक करायला आपल्याला दोन मिनिटं लागतात. गाणारी मुलगी आहे की मुलगा, हे कोणी बघतही नाही. शंभर वर्षांपूर्वी बाईचं शास्त्रीय गाणं ऐकायचं तर तिकीटबारी हा प्रकारच जवळपास नव्हता. संस्थानिकाचा दरबार, सरदाराचा वाडा, नाहीतर पैसेवाल्याची खासगी बैठक. आमंत्रण असेल त्यानं ऐकायचं, बाकीच्यांनी ऐकलेल्यांकडून ऐकायचं. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांना तर तिथं पाऊल टाकायची सोय नव्हती. आणि गाणाऱ्या बाईचं काय? तिचं गाणं सगळ्यांना हवं, पण तिला चारचौघांत मान द्यायला कोणी तयार नाही.

हे चित्र बदललं त्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा मोठा आहे. जन्म १९०५ चा, मिरजेतला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या सरदार घराण्यातली ताराबाई माने. दोघांनी समाजाला न जुमानता संसार थाटला, पाच मुलं झाली. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, त्यांना माने आडनाव लागलं. चंपाकलीची हिराबाई झाली, जवळच्यांसाठी मात्र ती चंपूताईच राहिली. एवढ्या मोठ्या गवयाची मुलगी, पण तिची खरी तालीम झाली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे आणि थोरले बंधू सुरेशबाबू माने यांच्याकडे.

विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात, मुंबईला, ती जाणकारांसमोर गायली तेव्हा वय होतं सोळाच्या आसपास. त्यानंतर काही वर्षांतच हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. असं करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. तिकीट म्हणजे कागदाचा कपटा, पण त्यानं केवढा फरक पडला बघा. गाणं कोणी ऐकायचं, हे आता यजमान ठरवणार नव्हता. खिशात तिकिटाचे पैसे असले की कारकुनानंही यावं, बायकोला घेऊन यावं.

आणि लोक बायकोला घेऊन यायलाही लागले. हिराबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन शांत बसायच्या. हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं करणं नाही. स्वर लावला की हॉल गप्प. ख्यालाच्या जोडीला नाट्यपद, भावगीत, भजनही असायचं, त्यामुळे राग न ओळखणाराही उपाशी परत जात नसे. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांनी हा आवाज घराघरांत नेला.

इथे थोडं थांबायला हवं. त्या पदराची किंमत कोणी मोजली? घरंदाज दिसणारी गायिका मंचावर रुळली, तसं कलावंतीण म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांचं काय झालं? ठुमरी-दादरा ज्यांनी जिवंत ठेवला, त्यांच्यातल्या कित्येकींना स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीनं चारित्र्याचं कारण देऊन दार बंद केलं. हा दोष हिराबाईंचा नाही. पण दार उघडलं ते सगळ्यांसाठी सारखं उघडलं नाही, हे मला तरी विसरता येत नाही.

नाटकाचं प्रकरण तर अजून धाडसी. मराठी रंगभूमीवर तेव्हा नायिका म्हणजे पुरुषच. समोर साक्षात बालगंधर्व! फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करणं म्हणजे बोभाटा. ताराबाईंच्या या कुटुंबानं १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटक कंपनी काढली, आणि तिच्यात स्त्रीभूमिका बायकाच करणार होत्या. हिराबाई आणि त्यांच्या बहिणी रंगमंचावर उभ्या राहिल्या. ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्री-नट दिसल्या म्हणून आपण १९३३ साल लक्षात ठेवतो, हे त्याच्या आधीचं आहे. कंपनी काही टिकली नाही. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला, डोक्यावर कर्ज राहिलं. हिराबाईंनी मैफली करकरून ते फेडलं. बंड करणाऱ्याला बिल पण भरावं लागतं, हे पुस्तकात सहसा येत नाही.

धाकटी बहीण सरस्वती राणे हिच्याबरोबर त्यांनी जुगलबंदी सुरू केली. दोन बायकांनी एका मंचावर बरोबरीनं ख्याल गाणं हेही तेव्हा नवीनच. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९७० मध्ये पद्मभूषण. १९८९ मध्ये त्या गेल्या.

सुरेशबाबूंकडे पुण्याची एक मुलगी शिकत होती. ते १९५३ मध्ये वारल्यावर ती हिराबाईंकडे शिकू लागली. मागे तानपुरा घेऊन बसायची, दौऱ्यांवर जायची. शिक्षणानं विज्ञान आणि कायद्याची पदवीधर. घरचे वडील शिक्षक, घरात गाण्याचा धंदा नाही, तरी तिनं आयुष्यभर गाणंच करायचं ठरवलं. नाव प्रभा अत्रे.