हिस्लॉप कॉलेजवाले हिस्लॉप आणि त्यांच्या नावाचा २३ कोटी वर्षांपूर्वीचा पाणशिकारी

पावसाळा लागला की भिवपुरी रोड स्टेशनवर कर्जत लोकलमधून झुंडीच्या झुंडी उतरतात. धबधब्याखाली ज्या काळ्या दगडावर उभं राहून रील काढले जातात, तो दगड म्हणजे गोठलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांचे शेवटचे दिवस चालू होते त्या सुमारास, तो थरांवर थर पसरत गेला. कर्जत-खालापूरच्या या डोंगरांत डायनासोरची हाडं का मिळत नाहीत, याचं उत्तर त्या दगडातच आहे. उकळत्या लाव्ह्यात हाड टिकत नाही, आणि त्याहून जुनं जे काही असेल ते शेकडो मीटर खडकाखाली गाडलं गेलंय.

जुने जीव शोधायचे तर या लाव्ह्याच्या काठावर जावं लागतं, जिथे थर पातळ होत होत संपतात आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. असा एक काठ नागपूर-चंद्रपूरकडे आहे. १७० वर्षांपूर्वी तिथे हातोडी घेऊन हिंडणारा माणूस पेशाने भूशास्त्रज्ञ नव्हता, पाद्री होता. स्टीफन हिस्लॉप. नागपुरात हिस्लॉप कॉलेज कुठे आहे हे कुणीही सांगेल. हिस्लॉप कोण, हे विचारलं तर मात्र बरेच जण गप्प होतात.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. शिक्षण एडिंबरा आणि ग्लासगोला झालं. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने त्यांना मिशनरी म्हणून भारतात पाठवलं आणि १८४५ च्या सुरुवातीला ते नागपुरात पोहोचले. तेव्हा नागपूर भोसल्यांचं होतं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारसाविना वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केलं. हा सगळा बदल हिस्लॉप यांच्या डोळ्यांसमोर घडला. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवायला लागले. पुढे १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी येऊन मिळाले, आणि या जोडीला दगडांचं वेड लागलं.

सुरुवात झाली ती गोगलगायींपासून. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला, म्हणजे आज जे शहरातच आहे तिथे, त्यांना दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दिसले. गंमत अशी की हा दगड लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये होता. म्हणजे लाव्हा एकदाच येऊन थांबला नव्हता. तो यायचा, थंड व्हायचा, वर तळी साचायची, त्यात गोगलगायी आणि मासे वाढायचे, काठाला झाडं उगवायची, आणि मग पुन्हा लाव्हा. बिया, फळं, किड्यांचे पंख असं बरंच काही त्या थरांतून निघालं. हिस्लॉप यांनी या थरांचं वय आजच्या अंदाजापेक्षा कमी धरलं होतं. पण वय मोजायची आजची साधनं तेव्हा जन्मायचीच होती, त्यामुळे त्यावरून त्यांना कमी लेखण्यात अर्थ नाही. मधल्या शांत काळातल्या तळ्यांचं चित्र मात्र आजही टिकून आहे.

मग हिवाळ्यातले धर्मप्रचाराचे दौरे आणि दगडांचे दौरे एकच झाले. कामठीजवळ जुन्या जंगलांच्या पानांचे ठसे मिळाले. चंद्रपूरकडच्या मांगलीतून एका उभयचराची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. ‘डायनासोर’ हा शब्द ज्यांनी बनवला तेच हे ओवेन. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची हाडंही हिस्लॉप यांच्याच लिखाणातून जगासमोर आली. त्याच पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या विष्ठेत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं, ही जुनी समजूत मोडली. आणखी दक्षिणेला, तेव्हाच्या निजामी मुलखात आणि आताच्या तेलंगणात, मालेरी गावची लाल माती आहे. तिथून आलेल्या माशांच्या दातांचं वर्णन थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये केलं आणि एका जातीला हिस्लॉप यांचं नाव दिलं. हे मासे फुप्फुसानेही श्वास घेणाऱ्या गटातले होते. मालेरी हे नाव लक्षात ठेवा.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला गेले होते. मोठमोठ्या दगडांच्या गोल मांडणीची ही प्राचीन दफनं. अंधार पडल्यावर ते घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. वाटेतला ओढा फुगला होता. त्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. गोंडांबद्दलचे त्यांचे अपुरे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, आणि १८८३ मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज सुरू झालं.

मालेरीच्या मातीतून पुढेही हाडं येत राहिली. १८८५ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यातल्या काही तुकड्यांवरून एक प्राणी उभा केला आणि हिस्लॉप यांची आठवण म्हणून त्याला नाव दिलं पॅरासुकस हिस्लॉपी. अर्थ साधारण असा, की मगरीच्या जवळचा. हा डायनासोर नव्हे, मगरही नव्हे. फायटोसॉर नावाच्या वेगळ्याच गटातला हा सरपटणारा प्राणी. फायटोसॉरचा शब्दशः अर्थ वनस्पतीवाला सरडा, आणि हे नाव साफ चुकलेलं आहे. जर्मनीत पहिला नमुना मिळाला तेव्हा जबड्यात साचलेल्या चिखलाचे गोळे शाकाहारी दात समजले गेले, तेव्हापासून ते चिकटलं.

पॅरासुकसचं तर आणखी अवघड झालं होतं. लिडेकर यांच्यासमोर पूर्ण सांगाडा नव्हता. होता तो सोंडेसारख्या तोंडाचा तुकडा, कवटीचा मागचा भाग, दात, पाठीवरचं खवल्याचं हाड. १९७० च्या दशकात शंकर चॅटर्जी यांनी हे तुकडे नीट तपासले तेव्हा लक्षात आलं, की कवटीचा भाग या प्राण्याचा नाहीच. तो रिंकोसॉर नावाच्या चोचवाल्या शाकाहारी प्राण्याचा आहे. म्हणजे हिस्लॉप यांच्या नावाचा प्राणी जवळजवळ ९० वर्षं दोन प्राण्यांची खिचडी होता. उरलेला तोंडाचा तुकडाही इतका अपुरा, की त्यावरून जात ठरवणं कठीण.

सुटका केली ती नव्या सापळ्यांनी. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत भूशास्त्राचा विभाग आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर हे ऐकायला विचित्र वाटतं, पण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तो मुद्दाम सुरू केला आणि लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना मदतीला बोलावलं. या विभागाला मालेरीच्या लाल मातीत फायटोसॉरचे जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले. चॅटर्जींनी १९७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि प्राणी पहिल्यांदा अख्खा दिसला. लांबी साधारण अडीच मीटर, अरुंद लांब तोंड, टोकदार दात, पाठीवर चिलखत. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात. याच्या पार मागे, डोळ्यांच्या बाजूला सरकलेल्या. पाण्यात जवळजवळ सगळा बुडून राहायचं आणि श्वासापुरतं डोकं वर ठेवायचं, अशी ही रचना.

इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, मासे खाणारा प्राणी. पण सापळ्यांच्या पोटाच्या जागी निघाली ती दुसऱ्याच एका सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं. हा प्राणी सडपातळ आणि जमिनीवर वावरणारा. म्हणजे पॅरासुकस माशांवर भागवत नव्हता, पाण्याशी येणाऱ्यालाही गिळत होता. या भक्ष्याला १९८० मध्ये नाव मिळालं मालेरीसॉरस रॉबिन्सोनी, पामेला रॉबिन्सन यांच्या सन्मानार्थ. हिस्लॉप यांच्या नावाच्या प्राण्याने रॉबिन्सनबाईंच्या नावाचा प्राणी खाल्ला, असा हा सन्मान.

‘ज्युरासिक पार्क ३’ मधला पाठीवर शीड असलेला स्पायनोसॉरस आठवतो? त्याची गतही अशीच. इजिप्तमध्ये १९१२ मध्ये सापडलेली त्याची हाडं १९४४ मध्ये म्युनिकवरच्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली आणि शास्त्रज्ञांच्या हातात चित्रं तेवढी उरली. मोरोक्कोतल्या नव्या सांगाड्यावरून २०१४ मध्ये तो पाण्यात वावरणारा असल्याचं मांडलं गेलं, आणि २०२० मध्ये त्याची वल्ह्यासारखी शेपूट जगाला दिसली. तो खोल पाण्यात पोहायचा की काठावर उभा राहून मासे धरायचा, यावर भांडण अजून चालू आहे. पॅरासुकसबाबत निदान नावाचं भांडण मिटलं. प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये जुन्या तुकड्याऐवजी कोलकात्याचा पूर्ण सांगाडा या जातीचा अधिकृत नमुना मानला. २०१६ च्या एका अभ्यासाने तर जर्मनी आणि अमेरिकेतले काही फायटोसॉरही पॅरासुकसच ठरवले. २३ कोटी वर्षांपूर्वी सगळे खंड एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे त्यात नवल नाही.