जॉन गफ : दारू सोडल्यानंतरचे दिवस

आपल्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर पुष्कळ जण माडी-दारू सोडतात. पण मग डोकें जड होतें, कांहीं सुचत नाहीं, म्हणून खचतात. त्यांनीं हें चरित्र ऐकावें.

जॉन गफ ह्याचा जन्म सन १८१७ त इंग्लंडांत सँडगेट गांवीं झाला. बाराव्या वर्षीं तो अमेरिकेस गेला व पुस्तकबांधणीचें काम शिकला. पुढें मद्यपानानें त्याची धूळधाण झाली. बायको व मूल वारलें. १८४२ च्या आक्टोबरांत वुस्टर शहरीं जोएल स्ट्रॅटन नांवाच्या एका वाढप्यानें रस्त्यांत त्याच्या खांद्यावर ममतेनें हात ठेविला. दुसऱ्या दिवशीं गफनें दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सही केली.

पण सुटका लागलीच झाली नाहीं. कित्येक दिवस अंग कांपे, नसतें तें दिसे, बुद्धि भ्रमे. सुमारें पांच महिन्यांनीं, मन थकलें असतां, तो पुन्हां प्याला. तें त्यानें लोकांसमोर कबूल केलें व पुन्हां सही केली. नंतर चाळीस वर्षें तो ह्याच विषयावर व्याख्यानें देत फिरला. १८८६ त फिलाडेल्फियांत बोलतां बोलतां तो कोसळला व थोड्याच दिवसांत वारला.

मेंदू निवळण्यास आठवडे, कधीं महिनेही लागतात. फार पिणाऱ्यानें डॉक्टरास विचारूनच दारू सोडावी. आणि शेजाऱ्यानें त्याच्या खांद्यावरचा हात लवकर काढूं नये.