साहेबाचे ओटे आणि परसातली दुर्बीण

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात तर तुम्हाला दगडी ओटे दाखवतात. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. याच ओट्यांवर दुर्बीण लावून लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम शोधला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कसालला पाहुणे आले की मीही त्यांना हेच सांगायचो. मग एकदा मनात आलं, ऑगस्टच्या मध्याला आपल्याकडे छत्रीशिवाय खळ्यात उतरता येत नाही, तिथे याला सूर्य दिसला कसा? वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या दिवशी लॉकियर कोकणात नव्हताच, लंडनला होता. विजयदुर्गला तो आला खरा, पण जवळजवळ तीस वर्षांनी. माझ्या मते खरी गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा सरस आहे.

जोसेफ नॉर्मन लॉकियर १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी जन्मला. वडील वैद्यकी करणारे. मुलगा मात्र लंडनला युद्धखात्यात कारकून म्हणून चिकटला. विद्यापीठाची पदवी नाही, वेधशाळेशी संबंध नाही. दिवसभर फायली आणि उरलेल्या वेळात घरच्या परसात उभी केलेली सव्वासहा इंची दुर्बीण. आधी चंद्र आणि मंगळ झाले, पुढे सूर्याचा नाद लागला.

सूर्याच्या कडेवर वायूच्या ज्वाळा उठतात. पण भोवतालच्या आकाशाचा उजेड इतका प्रखर, की त्या फक्त खग्रास ग्रहणातच दिसायच्या, त्याही दोनचार मिनिटं. लॉकियरला १८६६ मध्ये युक्ती सुचली. वर्णपटदर्शकातून आकाशाचा उजेड नेला तर तो सगळ्या रंगांत पसरून फिका पडेल. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्याच रेषांत असतो, तो तेवढाच ठळक राहील. म्हणजे ग्रहणाची वाट बघायलाच नको. पण त्याच्याजवळचं उपकरण तेवढं ताकदीचं नव्हतं. सरकारी अनुदान मिळालं, नवं उपकरण करायला टाकलं, आणि ते हाती पडता पडता १८६८ चा ऑक्टोबर उजाडला. सरकारी रुग्णालयात मशीनची वाट पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तोवर ऑगस्टचं ग्रहण होऊन गेलं. फ्रान्सचा यान्सेन ते पाहायला आंध्रातल्या गुंटूरला आला होता. त्यालाही तीच युक्ती सुचली आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्याने ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. लॉकियरला त्या २० ऑक्टोबरला लंडनमध्ये दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. भांडण न होता श्रेय दोघांना मिळालं आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं.

त्या रेषांत एक पिवळी होती. मिठातल्या सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारची, पण त्यांच्याशी न जुळणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. लॉकियरने नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा लॉकियर साठीला टेकला होता. आज द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांच्या आसपास थंड असतो आणि बहुतेक एमआरआय यंत्रांचं चुंबक त्यातच बुडवून ठेवलेलं असतं.

मधल्या काळात, १८६९ मध्ये, त्याने ‘नेचर’ हे साप्ताहिक काढलं आणि पन्नास वर्षं संपादन केलं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी तो विजयदुर्गला आला. कोरडं आकाश, आपला जानेवारी. सोबत ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी होते. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी काय हाताळायचं, याची त्यांच्याकडून आधी कवायत करून घेतली होती. सगळा खेळ दोन मिनिटांचा, चुकायला जागा नाही. साहेबाचे ओटे तेव्हाचे. १६ ऑगस्ट १९२० रोजी तो गेला. इंग्लंडमधल्या सिडमथजवळ त्याने उभारलेली वेधशाळा आज हौशी मंडळीच चालवतात.

आता माझ्या खात्यातलं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणानंतर एक तरुण ओपीडीत आला होता. जुन्या एक्स-रे फिल्ममधून त्याने सूर्य पाहिला होता. त्या वेळी काहीच दुखलं नाही, कारण डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग आला. अशा इजेवर खात्रीचा उपचार नाही. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत-महिन्यांत फरक पडतो, काहींचा डाग जात नाही. त्याचा पुरता गेला नाही. अक्षराकडे बघितलं की नेमकं तेच अक्षर पुसट होतं.

एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यातलं काहीही चालत नाही. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो, तो घालून दुर्बिणीला डोळा लावू नये. दुर्बिणीचा सौरफिल्टर पुढच्या, म्हणजे सूर्याकडच्या भिंगावर बसवायचा. डोळ्याकडच्या बाजूला बसवलेला फिल्टर उष्णतेने तडकू शकतो आणि मग क्षणात डोळा जातो. त्यापेक्षा लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. डाग दिसतात आणि दहा जण एकदम बघू शकतात. मात्र पोरांनी मध्ये डोकं घालू नये म्हणून कोणीतरी तिथेच उभं राहावं.

दुर्बीण नसली तरी कौलारू घर असेलच. कौलांच्या फटीतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर जे गोल कवडसे पडतात, त्या सूर्याच्याच प्रतिमा. ग्रहणात त्यांची कोर होते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. पाऊस उघडला तर माजघरात बघा.